अंधाराचा धाडसी वापर

भीती ही माणसाची सर्वांत प्रामाणिक भावना आहे. प्रेमात माणूस नाटक करू शकतो, रागात करू शकतो, दुःखात तर सर्रास करतो. पण भ्यालेला माणूस खोटं बोलू शकत नाही. हे वाक्य त्याने लग्न ठरण्याआधीच्या दुसऱ्या भेटीत, कॉफीचा कप जरा बाजूला सारून, बऱ्यापैकी तयारीनिशी म्हटलं होतं, आणि समोर बसलेल्या मुलीने ते पूर्ण ऐकून घेऊन विचारलं होतं, "म्हणजे तुम्हाला भुताचे सिनेमे आवडतात?" त्याला ते मुळीच आवडत नसत. पण एवढं बोलून बसल्यावर नाही म्हणायची सोय उरली नव्हती. "आवडतात की," तो म्हणाला. "मलाही फार आवडतात," ती म्हणाली, "फक्त मी ते बघत नाही." अशा रीतीने, भ्यालेला माणूस खोटं बोलू शकत नाही असं सांगणारा माणूस पुढची पंचवीसेक वर्षं भ्यालेल्या अवस्थेत, अंधारात, कुजबुजत, सलग खोटं बोलत आला.

पद्धत अशी होती. पडद्यावर पहिलं दार करकरलं की ती दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवी. कान मोकळे, कारण ऐकण्याचं तिला भय नव्हतं. मग कोपराने त्याच्या बरगडीत ढोसून विचारी, "काय चाललंय?" पहिल्या सिनेमाला त्याने खरं ते सांगितलं: जिन्यावरून एक बाई उतरतेय, तिला चेहरा नाही. तिने अशी किंकाळी फोडली की पडद्यावरच्या किंकाळीचा पार विचका झाला, आणि पुढच्या रांगांतले लोक वळून त्याच्याकडे बघायला लागले. तिच्याकडे नाही, त्याच्याकडे. जणू त्यानेच काहीतरी केलं होतं. तेव्हापासून तो सुधारला. चेहरा नसलेली बाई पुढच्या सिनेमात दाढ काढून आलेली, तोंड सुजलेली बाई झाली. कपाटातून निघणारा हात म्हणजे धुवून आलेल्या कोटाची बाही. रक्त हे बहुतेक वेळा सांडलेलं सरबत असे. त्याच्या सिनेमांत कुणी मरत नसे. बाई असेल तर माहेरी जाई, पुरुष असेल तर त्याची बदली होई. त्यामुळे तिच्या लेखी इतक्या वर्षांतले भुताचे सिनेमे म्हणजे साध्या बिऱ्हाडांच्या साध्या अडचणी होत्या, फक्त त्यांना संगीत फार मोठं लावलेलं असे. निदान त्याची तशी समजूत होती. आणि ही समजूत घेऊन तो या रविवारी दुपारी, जेवण अंगावर असताना, स्प्रिंगा वर आलेल्या खुर्चीत तिच्या शेजारी बसला होता.

सिनेमा पाच गोष्टींचा होता. एका डॉक्टरच्या दवाखान्याबाहेर पाच माणसं आपला नंबर यायची वाट बघत बसली आहेत आणि वेळ जात नाही म्हणून एकमेकांना आपापली गोष्ट सांगताहेत. बेत तिचाच. सकाळी पेपर वाचताना तिने परीक्षण मोठ्याने वाचून दाखवलं होतं. "'दिग्दर्शकाने अंधाराचा धाडसी वापर केला आहे,'" ती म्हणाली. "'प्रेक्षकाला काय दिसतं यापेक्षा काय दिसत नाही, यातच या चित्रपटाची ताकद आहे.' अहो, जाऊ या ना. पाच गोष्टी आहेत. एकाच तिकिटात पाच." त्याने त्या परीक्षणात दवाखाना हा शब्द ऐकला होता आणि त्याला जायचं नव्हतं. पण का जायचं नाही हे सांगायचं तर शुक्रवारपासून सांगायला लागलं असतं.

पहिल्या गोष्टीत लिफ्ट होती. हे त्याला घंटेच्या आवाजावरून कळलं. मग साखळ्यांची कुरकुर, कुणाचा तरी धापा टाकणारा श्वास, आणि दार सरकल्याचा आवाज. पडदा मात्र काळाच. अगदी काळा नाही. काळ्यात मळकट काळं काहीतरी हलत होतं, बुडाला लागलेल्या डाळीत पळी फिरवावी तसं. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. आता बुडाला लागलेली डाळ स्वच्छ दिसायला लागली. त्याने आजूबाजूला पाहिलं. थिएटर जवळजवळ भरलेलं होतं आणि सगळे गप्प बसून बघत होते. म्हणजे सगळ्यांना दिसत होतं. ज्यांना दिसत नाही ती माणसं इतकी गप्प बसत नाहीत, असा त्याचा माणसांबद्दलचा अंदाज होता. दारावरचा बाहेर जाण्याचा लाल दिवा त्याला दिसला आणि त्याला जरासा धीर आला. म्हणजे लाल अजून शिल्लक आहे. आणि बाकीचे गेले? इतक्या लवकर? शुक्रवारी डॉक्टर तर म्हणाले होते, बघू.

"काय चाललंय?" कोपर बरगडीत आलं.

"लिफ्ट अडकलीय," तो म्हणाला.

"आत कोण आहे?"

"एक माणूस आहे. डबा वर विसरलाय."

"मग ओरडतंय कोण एवढं?"

"लिफ्ट दुरुस्त करणारा. बोटावर दार आलं त्याच्या."

"अगंबाई. फार लागलं?"

"नखावर निभावलं."

"शू!" मागून आवाज आला. मागे एकटाच आलेला एक मफलरवाला गृहस्थ बसला होता. आत शिरताना तो चुकून यांच्याच रांगेत घुसून यांच्या पायांवरून गेला होता आणि यांनीच सॉरी म्हटलं होतं.

आतापर्यंत खोटं बोलणं सोपं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं, कारण खरं काय ते समोर दिसत असे. चेहरा नसलेल्या बाईवरून सुजलेल्या बाईपर्यंत यायला एक रस्ता होता. निघायचं कुठून ते ठाऊक असे. आता निघायला जागाच नव्हती. नुसत्या आवाजांवरून तो माणसं उभी करत होता, त्यांना डबे देत होता, त्यांची बोटं दारात सापडवून लगेच सोडवतही होता. हे खोटंही म्हणता येणार नव्हतं. हे काय होतं ते त्याला माहीत नव्हतं.

तो कापड रंगवण्याच्या कारखान्यात रंग जुळवणारा होता. कारखान्यात त्याला मास्तर म्हणत. गिऱ्हाइकाकडून हातरुमालाएवढा नमुना येई आणि तसाच रंग शेकडो मीटर कापडावर उतरवायचा असे. अलीकडे त्यासाठी मशीन आलं होतं, ते आकडे दाखवी, पण आकडे आल्यावरही प्रयोगशाळेतली बाई दोन्ही तुकडे घेऊन त्याच्याच टेबलाशी येई. मास्तर मान हलवत तेव्हा लॉट बाहेर पडे. त्याला रंगांची नावं आवडत नसत. निळा म्हणजे काय? निळ्यात दुसऱ्या कुठल्या रंगाचा पाय किती आत गेलाय ते महत्त्वाचं. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तिने त्याच्यासाठी नाही, स्वतःसाठीच स्वेटर विणायला घेतला होता आणि डाव्या बाहीच्या कोपराशी लोकर संपली. दुकानात तो रंग पुन्हा मिळेना. दुकानदाराने दाखवलेला रंग "अगदी तोच" होता, म्हणजे मुळीच तो नव्हता. मग त्याने पांढरी लोकर कारखान्यात नेली, जेवणाच्या सुट्टीत एका पातेल्यात तीन वेळा रंगवली, तीन वेळा फेकली, आणि चौथ्यांदा घरी आणली. हिरव्यात राखाडीची सावली, आणि त्या राखाडीत, जेमतेम, एक विटकरी थेंब. तिने उरलेली बाही त्या लोकरीने विणली आणि म्हणाली, "मला जोड दिसतो." त्याला दिसत नव्हता. ज्याला रंग दिसतो त्याला दिसत नाही आणि हिला दिसतो, हे त्याला वर्षानुवर्षं टोचत आलं होतं. थिएटरमध्ये हवा गार असते म्हणून तिने आज तोच स्वेटर घातला होता. त्याने त्या बाहीकडे पाहिलं. काळी. सगळंच काळं.

दुसऱ्या गोष्टीत भाड्याची खोली आणि खोलीत एक कपाट होतं, हे घरमालकिणीच्या बोलण्यावरून कळलं. "कपाट सोडून सगळं वापरा," असं ती म्हणाली. घरमालकिणीच्या घशात काहीतरी होतं, किंवा आवाज देणारीला सर्दी होती. मग ठक ठक. थोडं थांबून पुन्हा ठक ठक.

"कपाटात कोण आहे?" बायकोने तळव्यांआडून विचारलं.

"कुणी नाही. खालच्या मजल्यावर सुतारकाम चाललंय."

"मग ती किंचाळली का?"

"भाडं ऐकून."

मागून खुर्ची कुरकुरली. मफलरवाला पुढे झुकला होता. त्याचा खोकल्याच्या गोळीचा वास कानाजवळ आला. आता हा मॅनेजरला बोलावणार, असं त्याला वाटलं. "अहो," मफलरवाला म्हणाला, "जरा मोठ्याने सांगा ना."

हा टोमणा होता. त्याने मान आणखी खाली घातली. टोमणा मारणाऱ्यांत दोन जाती असतात, एक तोंड वाकडं करून मारणारे आणि एक अगदी नम्रपणे मारणारे. ही दुसरी जात फार वाईट. बुधवारी प्रयोगशाळेतल्या बाईने टोमणा मारला असता तर किती बरं झालं असतं. परिचारिकांच्या गणवेशाचं कापड होतं, गडद निळं. तिने दोन तुकडे लाइट बॉक्समध्ये, म्हणजे रंग बघायच्या दिव्याच्या पेटीत, शेजारी शेजारी ठेवले आणि ती बाजूला उभी राहिली. त्याने पाहिलं आणि मान हलवली. "एकच." ती हलली नाही. "मास्तर, हे दोन्ही एकच?" "एकच, म्हटलं ना." तिने त्याच्याकडे पाहिलं, तुकडे उचलले आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरले, आणि तेव्हा, खिडकीत, त्याला वाटलं की एक तुकडा काळा आहे. निळा नाहीच. काळा. किंवा दोन्ही काळे. किंवा त्याला आता फक्त तिच्या बोलण्यामुळे तसं वाटत होतं. "पुन्हा रंगवू या," ती म्हणाली, इतक्या सहज, की जणू मास्तरांनीच सांगितलं होतं. आणि कुणाला काही बोलली नाही. हे न बोलणं घेऊन तो घरी आला आणि बायकोने विचारलं, "काय झालं?" तेव्हा "काही नाही, उकडतंय" म्हणाला. उकडत नव्हतं.

या कारखान्यात पहिल्या दिवशी त्याच्या वस्तादाने त्याला एकच गोष्ट शिकवली होती. रंग जुळला नाही तर आधी दिवा बघ, मग कापड बघ, आणि सगळं नीट असेल तरच आपल्या डोळ्याकडे वळ. ट्यूबलाइटखाली सख्खे भाऊ दिसणारे दोन रंग उन्हात एकमेकांना ओळखतही नाहीत. ही ओळ तो नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगत आला होता, चढ्या आवाजात, बोट वर करून. बुधवारी मात्र तो थेट डोळ्यावर आला. दुसऱ्यांना शिकवलेल्या गोष्टी स्वतःला लागू करायला माणसाला वेगळा मास्तर लागतो.

तिसरी गोष्ट रिकाम्या पोहण्याच्या तलावाची होती. म्हणजे आवाज तरी टाइलवर अनवाणी चालल्यासारखा येत होता. "कोरडा आहे तलाव," त्याने सांगितलं. "साफ करताहेत." त्याला आता पडद्याकडे बघवत नव्हतं, तरी तो डोळे फाडून बघत होता, आणि जितकं बघावं तितकं त्या काळोखात आपल्याच डोळ्यांतले ठिपके पोहताना दिसत होते. शुक्रवारी तो ज्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेला होता तिथेही या सिनेमासारखंच होतं, भिंतीला टेकलेल्या खुर्च्या, एकमेकांकडे न बघणारी माणसं, आणि दारातून नाव पुकारणारी बाई. तिथे कुणी गोष्टी सांगत नव्हतं. ज्याला आत बोलावलं जाई तो बाहेर येताना वेगळ्या दाराने जाई, म्हणून आत काय होतं ते बसलेल्यांना कळत नसे. डॉक्टर तरुण होते आणि त्यांनी पेन्सिलीने कागदावर काहीतरी गोल काढलं होतं. "बघू. गुरुवारी सगळ्या तपासण्या करू. औषध घातल्यावर काही तास दिसणार नाही नीट. येताना कुणाला तरी सोबत घेऊन या." एवढंच. पण त्याने ते वेगळं ऐकलं. सोबत घेऊन या. कोर्टात जामीन लागतो तसं. ज्याचं पुढे काय होणार ते एकट्याला सांगण्यासारखं नसतं, त्यालाच सोबत आणायला सांगतात. डोळे गेले तर कारखाना गेला, हे तो सहज म्हणू शकत होता. मास्तरला फार तर गोदामात बसवतील, किंवा बसवणार नाहीत. त्याला खरी धडकी भरली होती ती वेगळ्याच, सांगायला लाज वाटेल अशा गोष्टीची. भुताच्या सिनेमाला ही तळवे डोळ्यांवर ठेवून विचारणार, काय चाललंय, आणि त्याला ठाऊक नसणार. दोन माणसं अंधारात बसलेली, आणि दोघांतल्या कुणालाच दिसत नाही. मग हिला तो कशासाठी हवा?

आणि तेच तर आता चाललं होतं. मेव्हण्याला न्यावं का गुरुवारी, असा विचार त्याने दोन दिवस केला होता. पण मेव्हण्याला सांगणं आणि बायकोला सांगणं यात एका फोनचं अंतर होतं, आणि तो फोन मेव्हणा जिन्यातच लावणार.

चौथी गोष्ट सुरू झाली. टेलिफोन वाजला. वाजतच राहिला. कुणीतरी उचलला, आणि पलीकडे नुसता श्वास. थिएटरात कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच थांबलं.

"काय चाललंय?"

त्याने तोंड उघडलं. टेलिफोन. एक बाई. बाई तरी होती का? त्याला एकदम सगळ्याचा कंटाळा आला, सगळ्या सरबतांचा, सगळ्या सुतारांचा. "काही नाही," तो म्हणाला. "फोन आहे."

"पुढे?"

"फोन आहे," तो म्हणाला.

पाणीपुरवठा खात्यात तक्रारी ऐकायला बसते ती, फोनवर, इतकी वर्षं. आमच्या नळाला चार दिवस थेंब नाही असं कुणी सांगत असतं आणि त्याच्या मागे बादली भरत असल्याचा आवाज तिला ऐकू येतो. ती वाद घालत नाही. तक्रार लिहून घेते आणि म्हणते, बादली वाहतेय, नळ बंद करून या, मी फोन धरते. पलीकडचा माणूस बंद करून येतो. तिने आता तळवे डोळ्यांवरून काढले, हे त्याला दिसलं नाही, स्वेटरची बाही त्याच्या हाताला घासून गेली तेव्हा कळलं. तिचा हात त्याच्या मनगटावर येऊन बसला.

"मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही मिटा डोळे."

"अगं, तू घाबरशील."

"मिटा म्हणते ना."

त्याने मिटले. खरं म्हणजे फारसा फरक पडला नाही.

"एक बाई आहे," ती कुजबुजायला लागली, जरा कामावरच्या आवाजात. "फोन घेते लोकांचे. तिच्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. मोठा माणूस आहे रंगातला."

"हे कुठे—"

"गप्प बसा, सिनेमा चाललाय. तर हा मास्तर एके दिवशी कामाला जातो, एका पायात काळा मोजा, एका पायात निळा. बायको दारातून बघते. तिला वाटतं, घाईत असेल. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. आता ती काही बोलत नाही. रात्री मोजे वाळले की जोडीजोडीने गुंडाळून ठेवते. त्याला वाटतं, आपणच बरोबर घालतो."

बंद पापण्यांआड त्याला आपला कपाटातला खण दिसला, मोज्यांचे नीट वळलेले गोळे. ही नवीन पद्धत कधीपासून सुरू झाली याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. पाऊस उघडल्यावर रस्ते वाळतात तशी ती त्याला आपोआप झालेली गोष्ट वाटली होती. मग त्याला आठवलं की अलीकडे शर्टही पँटबरोबरच खुर्चीवर काढून ठेवलेला असतो. आणि परवा भाजी चिरताना तिने हिरवी वाटी मागितली नव्हती, "ती डावीकडची" म्हणाली होती.

"मग?" त्याने विचारलं.

"मग काय. बायको वाट बघते."

"तो सांगतो का तिला?"

"अजून नाही. सिनेमा आहे, वेळ लावतात."

"अहो, एक मिनिट," मफलरवाला मागून अगदी कासावीस होऊन म्हणाला, "हे मोजे कधी आले? माझं काहीतरी सुटलं का?"

"आत्ताच आले," तिने मान वळवून सांगितलं. "तुमचं काही सुटलं नाही."

"धन्यवाद. फोन कुणाचा होता मग?"

"त्याचाच. घरातल्या घरातून करतोय. समोरासमोर बोलायला घाबरतो."

मफलरवाल्याने 'बाप रे' म्हटलं आणि तो मागे टेकला. पडद्यावर कुणीतरी रिसीव्हर आपटला. मास्तरने डोळे उघडले नाहीत. डोळे मिटून त्याला फार बरं वाटत होतं. तिच्या हाताखाली त्याच्या मनगटावर स्वेटरची ती बाही होती, आणि कुठली लोकर दुकानातली, कुठली पातेल्यातली, हे बोटालाही कळत नव्हतं.

"गुरुवारी जायचंय," तो म्हणाला. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कुणाला तरी सोबत घेऊन या म्हणाले."

"मग? कुणाला नेणार होतात?"

"तुझ्या भावाचा विचार होता."

"त्याला? त्याला स्वतःच्या घराचा जिना सापडत नाही." तिने मनगट सोडलं नाही. "सकाळी आहे की दुपारी?"

"सकाळी."

"मग मी दुपारची पाळी घेते."

इतकंच. त्याने यासाठी दोन रात्री छताकडे बघत काढल्या होत्या. त्याला थोडा रागही आला; भीतीची काही किंमतच राहिली नाही. पण राग टिकला नाही, कारण पाचवी गोष्ट सुरू झाली आणि तिने पुन्हा तळवे डोळ्यांवर ठेवले, आणि कोपर आलं. "काय चाललंय?" म्हणजे काहीच बदललं नव्हतं. त्याने डोळे मिटूनच सुरुवात केली. एक म्हातारी आहे, तिचा कुत्रा हरवलाय. कुत्रा विव्हळत होता की दुसरंच काही, पण त्याने त्याला घरी आणला, पाणी पाजलं, सतरंजीवर निजवला. म्हातारीला शेजारची बाई येऊन बसली. त्या दोघींचं वीस वर्षांचं भांडण त्याने मिटवलं. इतका चांगला त्याचा एकही सिनेमा झाला नव्हता. मागचा श्वास कानाजवळ येऊन स्थिरावला होता, आणि आता त्याच्याही शेजारचे दोघे झुकले असावेत, कारण कुत्रा सापडला तेव्हा अंधारात तीन जणांनी सुस्कारा सोडला.

मग पुन्हा दवाखाना आला. नाव पुकारणाऱ्या बाईचा आवाज. पाचही जणांना एकदम आत बोलावलं. मोठं संगीत.

"यांचं काय होतं शेवटी?" त्याने स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं. "सगळ्यांना बरं वाटतं. औषध देऊन घरी पाठवतात."

"अहो, ते आधीच मेलेले असतात," ती तळव्यांआडून म्हणाली. "असल्या सिनेमात नेहमीच असतात."

तो तिच्याकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"पाणीपुरवठ्यात बसते मी," ती म्हणाली. "पहिल्या वर्षीच कळलं. दर सिनेमात कोण कशाला माहेरी जाईल? आणि तेही मध्यरात्री, कुऱ्हाड घेऊन?"

"मग काही बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू. तुमचा सिनेमा बरा असायचा त्यापेक्षा." मग जरा थांबून, "शेवटी जरा लांबवता, एवढंच."

दिवे लागले. त्याच्या डोळ्यांपुढे खुर्च्यांच्या पाठी आल्या, उडालेल्या रेग्झिनच्या, त्यांतून डोकावणारा पिवळा स्पंज. स्पंज पिवळा होता. तिचा स्वेटर हिरवा होता, राखाडीतला हिरवा, आणि त्या राखाडीत विटकरी होतं की नाही ते त्याला सांगता आलं नसतं. पण पूर्वी होतं हे त्याला माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं धरायला तो तयार होता. त्याने डाव्या बाहीवर बोट ठेवलं. "इथे ना जोड?"

तिने वाकून पाहिलं. "मला कधीच सापडला नाही," ती म्हणाली. "उगाच म्हणायचे. तुमचा ताठा फार वाढायला लागला होता तेव्हा."

मागची रांग अडली म्हणून मफलरवाला यांच्याच रांगेतून, पायांवरून जाताना थांबला. या वेळी सॉरी त्याने म्हटलं. "फार छान सांगता हो तुम्ही," तो म्हणाला. "ताई, तुम्हीसुद्धा. नाहीतर आम्हाला काय दिसत होतं? म्हटलं, आपलं वय झालं."

"तुम्हालाही दिसत नव्हतं?" मास्तरने विचारलं.

"काही नाही हो. पण पेपरात लिहिलं होतं ना, धाडसी वापर. म्हटलं, असेल बुवा. सगळे गप्प बसलेत म्हणजे सगळ्यांना कळतंय."

मास्तर बायकोकडे बघायला लागला. "आणि तुला? चौथ्या गोष्टीत तू हात काढले होतेस."

"काढले होते. नुसता काळोख," ती पर्स शोधत म्हणाली. "मला वाटलं, सिनेमाच तसा असेल. मी कुठे आधी कधी बघितलाय?"

बाहेर जिन्यापाशी गर्दी अडली होती. कुणाला पुन्हा एकदा फुकट बघायचा होता, कुणाला एकदाही नाही. थिएटरचा मॅनेजर पायरीवर उभा राहून दोन्ही हातांनी शांत व्हा, शांत व्हा असं करत होता.

"अहो, पण आधी का नाही सांगितलंत?" एक बाई म्हणाली.

"शुक्रवारपासून लावलाय, कुणी तक्रारच केली नाही," मॅनेजर म्हणाला. "पेपरवाले साहेबसुद्धा इथेच बघून गेले."

प्रोजेक्टरचा दिवा संपत आला होता. नवीन मागवला होता, तो सोमवारी यायचा होता.